बिडाच्या तव्याची निगा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून या दिवसांतल्या संध्याकाळी आपल्याकडे देशाचे, धर्माचे, इतिहासाचे आणि साहित्याचे मोठमोठे विषय बोलले गेले आहेत. त्या परंपरेत उभे राहून एक मनुष्य तव्याविषयी तासभर बोलणार, हे पत्रिकेत वाचून कित्येकांना हसू आले असेल. त्यात वावगे काही नाही. मात्र एक गोष्ट लक्षात आणून देतो. तापल्या तव्यावर पोळी भाजून घेण्याची भाषा राजकारणावरील व्याख्यानांत पुष्कळदा कानांवर पडते; पण तो तवा तापण्यापूर्वी कोणी पुसला होता आणि पोळी भाजून झाल्यावर त्याचे काय झाले, याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. ती चौकशी आज आपण करू.

हा विषय खडकवासल्यात बोलावा, यालाही कारण आहे. हे गाव पाण्याच्या काठचे. येथील धरण १८७९ साली पुरे झाले. पुढे १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पाण्याचा प्रताप सगळ्या पुण्याने पाहिला. १९१६ साली मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी निघालेली आणि आज देशभर नावाजलेली जलसंशोधनाची मोठी संस्था येथेच आहे. पाण्याशी माणसाने कसे वागावे, याचा विचार या गावाला नवा नाही. मी बोलणार आहे तो त्याच विचाराचा स्वयंपाकघरातला धडा आहे. आषाढ-श्रावणात इथली हवा कशी ओलीचिंब असते, हे मी सांगायला नको. त्या दिवसांत माळ्यावर ठेवलेला बिडाचा तवा खाली काढावा, तो हाताला तांबूस पूड लागते आणि घरातले म्हणतात, "गेला हा तवा!" आता मान वर करून सिंहगडाकडे पाहा. गडावर पाऊस इथल्यापेक्षा कमी नाही, धुके तर अधिकच. तरीही पिठले-भाकरी करून देणाऱ्यांच्या चुलीवरचा तवा काळाभोर, तुकतुकीत असतो. लोखंड तेच, पाऊस तोच. मग एक तवा गंजतो आणि दुसरा का गंजत नाही? हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम बीड म्हणजे काय ते पाहू. आपण सरसकट 'लोखंडी' म्हणतो, पण घरात लोखंडाचे दोन प्रकार असतात. एक घडवलेले आणि दुसरे ओतलेले. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसणारा घिसाडी आपण पाहिला आहे. तो ऐरणीवर सांडशीने तापलेले लोखंड धरतो, आणि त्याची कारभारीण दोन्ही हातांनी घण घालते. त्या ठोक्यांतून पळी, उलथणे, कोयता, पत्र्याचा तवा तयार होतो. हे घडीव लोखंड वाकते, पोचते, पण सहसा फुटत नाही. बिडाची गोष्ट वेगळी. त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा तीन ते चारच्या आसपास असते, थोडी सिलिकॉनचीही भर असते. या मिश्रणामुळे शुद्ध लोखंड जेथे १५३८ अंशांना वितळते, तेथे बीड साधारण १२०० अंशांच्या आतबाहेर पाण्यासारखे वाहू लागते. ते वाळूच्या साच्यात ओतायचे आणि थंड होऊ द्यायचे. थंड होताना त्यातील बराच कर्ब ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने आतच वेगळा होतो. पेन्सिलीच्या शिशात असते तेच हे ग्राफाइट. हे पापुद्रे म्हणजे धातूच्या पोटातल्या असंख्य बारीक फटीच. म्हणून बीड ठिसूळ. उंचावरून फरशीवर पडले तर फुटते. लाल तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले तर तडकते. आणि एकदा तडकले की लोहाराच्या घणाखाली ते सांधले जात नाही.

महाराष्ट्राला ओतकाम परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्या वेळी लोखंडाच्या नांगराने जमीन नासते, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपवायला लक्ष्मणरावांना फार प्रयास पडले. पुढे कोल्हापूर हे ओतकामाचे मोठे ठाणे झाले. तेल-इंजिनांचे आणि पंपांचे बिडाचे भाग तेथील भट्ट्यांतून देशभर गेले. हा इतिहास मी एवढ्यासाठी सांगतो की, लोखंडाविषयी आपल्या मनात एक जुनी भीती आहे. शेतकऱ्याला वाटले, ते जमीन नासवील. आज गृहिणीला वाटते, ते अन्न काळे करील, गंजून पोटात जाईल. पहिली भीती नांगर वापरल्यावर गेली. दुसरीत थोडे तथ्य आहे आणि पुष्कळसा गैरसमज. त्याकडे मी मागाहून येतो.

बिडाच्या तव्यात असा कोणता गुण आहे की त्याच्यासाठी एवढा खटाटोप करावा? ते उष्णता चटकन वाहून नेते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. त्या बाबतीत अॅल्युमिनियम बिडाच्या चौपटीहून सरस आहे आणि तांबे सुमारे सात-आठ पट. बिडाचा गुण उष्णता धरून ठेवण्यात आहे. तवा जड, ओततानाच जाड ओतलेला. तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. पत्र्याच्या पातळ तव्यावर थालीपिठाचा ओला गोळा थापला की तवा तेथे एकदम थंड पडतो. मग आंच वाढवावी तर कड करपते आणि मध्य कच्चा राहतो. बिडाच्या तव्यापाशी साठवणीची उष्णता असते. थालीपीठ पडले तरी तो डगमगत नाही. घावन, आंबोळी, धिरडी, आप्पे या पदार्थांना असाच स्थिर ताप लागतो. म्हणून गॅसवर बिडाचा तवा मध्यम आंचेवर पाच-दहा मिनिटे आधी ठेवावा. मोठ्या ज्वाळेवर घाईने तापवला तर मध्यभाग जळतो आणि कडा थंड राहतात, कारण उष्णता आतल्या आत पसरवण्यात हा धातू मंद आहे. विजेच्या इंडक्शन शेगडीवरही तो उत्तम चालतो. फक्त काचेवर तो ओढू-सरकवू नये, उचलून ठेवावा.

आता त्याच्या शत्रूंकडे वळू. ते मुख्यतः दोन : ओल आणि आंबट.

लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू ही जोडगोळी भेटली की गंज सुरू होतो. मीठ असेल तर त्याचे काम आणखी झपाट्याने होते. म्हणून कोकणात समुद्राकाठी लोखंड लवकर खाल्ले जाते. भांड्यावर पाणी सांडलेच पाहिजे असे नाही. हवेची आर्द्रता शेकडा साठाच्या वर गेली की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरू लागतो. इतर धातूंचीही हवेशी गाठ पडते, पण त्यांचा गंज धातूला घट्ट चिकटून पुढच्या थराला संरक्षण देतो. तांब्यावर हिरवट थर येतो, अॅल्युमिनियमवर पातळ पांढुरका, आणि तेथेच ते काम थांबते. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र. मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो, फुगतो, पोपड्यासारखा सुटतो आणि आतले ताजे लोखंड पुन्हा हवेला उघडे पडते. तुम्ही आणि मी लक्ष घातल्याशिवाय हे थांबत नाही.

१९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने लोखंडात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद केले. त्यातील क्रोमियम पृष्ठभागावर आपोआप एक अदृश्य थर धरते. ओरखडा गेला तर तो पुन्हा धरते. आपल्या घरांत स्टेनलेस स्टील म्हणून आले ते हेच. स्वतःची काळजी स्वतः घेणारा हा धातू आहे. बिडाची काळजी आपण घ्यायची असते. क्रोमियमचे काम आपल्या हातांनी करायचे असते. निगेच्या साऱ्या नियमांचे मूळ एवढ्यातच आहे.

दुसरा शत्रू आंबट. चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो, ताक या सर्वांतील आम्ल लोखंडाचा पृष्ठभाग विरघळवते. येथे आपल्या घरांत एक विलक्षण घोटाळा झालेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपली मुख्य भांडी तांब्यापितळेची. ती चिंच आणि राख लावून घासली की सोन्यासारखी चमकतात. आतून दरवर्षी कल्हई लावली की स्वयंपाकाला निर्धोक होतात. चमक म्हणजे स्वच्छता, असा डोळ्यांचा आणि हातांचा संस्कार झाला. तोच हात त्याच चिंचेने तवाही घासू लागला. पितळेला जे अमृत, तेच बिडाला विष! पितळेचे भांडे काळे पडले तर घासायचे असते. बिडाचे भांडे काळे असले तरच ते निरोगी असते. बिडाचा तवा घासून करडा, चकचकीत केला, तर त्याची कातडी सोलून काढल्यासारखे होते.

ही कातडी म्हणजे काय? ते जळके तेल नव्हे आणि काजळीही नव्हे. तेलाचा अगदी पातळ थर लोखंडावर चांगला तापला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि त्यांचे घट्ट, कोरडे, काळे वार्निश बनते. शास्त्रात याला बहुवारिक होणे म्हणतात. खिडकीच्या चौकटीला लावलेले जवसाचे तेल सुकून कडक होते, तीच ही क्रिया. तव्यावर ती उष्णतेने लवकर घडते. म्हणून ज्या तेलांना मुळात सुकण्याचा गुण आहे ती या कामाला चांगली. जवस त्यांत पहिले; आणि सोलापूर-मराठवाड्याकडची आपली करडई त्याच्या खालोखाल. शेंगदाण्याचे तेल सावकाश धरते, पण धरते. घरात तेच असेल तर त्याने काम अडत नाही. मात्र जवसाचे तेल खाण्याचेच घ्यावे. रंगाच्या दुकानातले 'उकळलेले' जवसाचे तेल लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते स्वयंपाकघरात आणू नये.

नवा तवा घरी आणला, तर काय करायचे ते क्रमाने सांगतो. बोहरी आळीत घ्या, नाही तर बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात घ्या. घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहा. अखंड तवा घंटेसारखा वाजतो, तडा असेल तर बद्द आवाज येतो. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते पाहा. घरी आणल्यावर एकदा, आणि फक्त एकदाच, गरम पाणी, साबण आणि काथ्या यांनी मनसोक्त घासा; गंज लागू नये म्हणून कारखान्यात फासलेले तेल किंवा मेण त्याने निघून जाते. दक्षिणेकडे नवा तवा भाताच्या पेजेत किंवा तांदळाच्या धुवणात काही दिवस बुडवून ठेवण्याची रीत आहे. आंबलेल्या पेजेतील सौम्य आम्लाने वरचा मळ आणि बारीक गंज सैल होतो. रीत चांगली आहे, पण रोज पेज बदलायची आणि काढल्यावर लगेच कोरडे करायचे, एवढे पथ्य पाळावे.

मग तवा विस्तवावर ठेवून हाडांपर्यंत कोरडा करा. कोमट असतानाच सुती फडक्याने आतून, बाहेरून, मुठीला, पाठीला तेल लावा. आता महत्त्वाचे : लावलेले तेल दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढा, जणू ते चुकून लागले होते! डोळ्यांना तेल दिसता कामा नये, नुसती झाक राहावी. मग मध्यम आंचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा आणि आपोआप निवू द्या. असे चार-पाच वेळा करा. पुष्कळांचा तवा चिकट होतो, त्याचे कारण एकच : तेल जास्त. जाड थर आतून सुकत नाही, गोंदासारखा राहतो आणि पुढे खपल्यांनी निघतो. त्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस तव्यावर तेलाचे पदार्थ करा. थालीपीठ, धिरडी, कढई असेल तर कांद्याची भजी. कोकणात घावन घालण्यापूर्वी नारळाच्या शेंडीने, किंवा अर्ध्या कांद्याची फोड तेलात बुडवून, तव्याला पुसतात. प्रत्येक घावनामागे एक अतिशय पातळ थर नव्याने चढतो. त्या बायकांना बहुवारिक हा शब्द ठाऊक नव्हता, पण क्रिया पक्की ठाऊक होती.

आता रोजची निगा. ती चार शब्दांत सांगता येते : खरवडा, धुवा, तापवा, पुसा. स्वयंपाक झाल्यावर तवा कोमट असतानाच लाकडी उलथण्याने चिकटलेले काढा. फारच धरले असेल तर जाडे मीठ आणि काथ्याने चोळा, किंवा थोडे पाणी घालून एक उकळी येऊ द्या. मग कोमट पाण्याने धुवा. धुतल्यावर लगेच विस्तवावर एक-दोन मिनिटे ठेवून कोरडा करा. फडक्याने पुसलेला तवा कोरडा दिसतो, पण तो पुरता कोरडा झालेला नसतो. शेवटी तेलाच्या फडक्याचा एक हात फिरवा. याला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

साबणाविषयी पुष्कळ वाद आहे. जुन्या माणसांनी साबण वर्ज्य सांगितला, तो त्यांच्या काळी बरोबर होता; तेव्हाच्या साबणात आणि धुण्याच्या सोड्यात क्षार तीव्र असे, आणि तो त्या काळ्या थराला खातो. आजचा भांड्यांचा सौम्य साबण थोडासा लागला तर पक्क्या थराचे काही बिघडत नाही. घातक आहेत त्या दुसऱ्या गोष्टी : तारेची घासणी, धुण्याचा सोडा, चिंच, आणि सर्वांत वाईट म्हणजे रात्रभर पाण्यात भिजत ठेवणे. उरलेली आमटी-भाजीही कढईत ठेवू नये, लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. पावसाळ्यात तव्यावर झाकण घट्ट लावू नये, आत दमट हवा कोंडते. भांडी एकावर एक रचायची तर मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालावा. आणि पावसाळाभर वापरायचा नसेल, तर थोडा अधिक तेलाचा हात देऊन कागदात गुंडाळून चुलीजवळच्या उबदार फळीवर ठेवावा, माळ्यावर टाकू नये.

इतके करूनही गंज लागलाच, तर घाबरू नका. आपल्या किल्ल्यांवर बिडाच्या ओतीव तोफा शतकानुशतके ऊन-पाऊस खात पडून आहेत. वरून गंजल्या तरी त्यांचे पोट शाबूत आहे. गंजलेले म्हणजे मेलेले नव्हे. ज्या चिंचेला मी शत्रू म्हटले, ती येथे औषध म्हणून उपयोगी पडते. चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा, त्याहून अधिक नको. काथ्या आणि बारीक वाळूने घासा, धुवा, लगेच तापवून कोरडा करा आणि नव्या तव्यासारखे तेलाचे थर पुन्हा चढवा. तडा गेलेला तवा तेवढा टाकून द्यावा. बाकी कोणताही तवा एका रविवारच्या दुपारी पुन्हा कामाला लागतो.

आता त्या काळ्या आमटीकडे येऊ. लोखंडी कढईत वांगे, कच्चे केळे किंवा पालेभाजी शिजवली तर ती काळसर होते, आणि पाहुण्यांपुढे ठेवायला गृहिणीला संकोच वाटतो. हे विष नव्हे. भाजीतील तुरट द्रव्ये आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग बनतो. हिरडा आणि हिराकस यांपासून आपले पूर्वज बोरूची शाई करीत, ती याच संयोगाने. केसांना लावायची मेंदी रात्री लोखंडी कढईत भिजवून ठेवतात, तेव्हा आपण हाच प्रयोग मुद्दाम करतो. रंग नको असेल तर तुरट आणि आंबट पदार्थ स्टीलच्या भांड्यात करावेत आणि बिडाला भाकरी, पोळी, थालीपीठ, झुणका, भजी ही कामे द्यावीत. ज्याचे काम त्याला दिले की तक्रार उरत नाही.

परंतु थोडे लोखंड अन्नात उतरते, ही गोष्ट खरी, आणि ती दोष म्हणून सांगितली जाते याचे मला नवल वाटते. आपल्या वैद्यकात पांडुरोगावर लोहभस्म आणि मंडूर देतात, आणि मंडूर तयार होते ते लोखंडाच्या किट्टापासूनच. आपल्या देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात इथिओपियातील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथील काही घरांना लोखंडी भांडी दिली आणि काहींना अॅल्युमिनियमची. एका वर्षानंतर लोखंडी भांड्यांत शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांच्या रक्तातील हिमोग्लोबिन दुसऱ्या मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक वाढलेले आढळले. यावरून कोणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत. तवा म्हणजे दवाखाना नव्हे. थॅलेसेमियासारख्या विकारात शरीरात लोह आधीच साचते. अशा घरांनी डॉक्टरांना विचारूनच लोखंडात शिजवावे. बाकीच्यांना मात्र रोजच्या भाकरीबरोबर हे थोडेसे फुकट मिळत होते, ते आपण हातचे घालवले.

ते का घालवले, हा माझ्या बोलण्याचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत स्टील घराघरांत आले. बोहारणीने जुन्या कपड्यांवर डबे-पातेली दिली, पितळ मोडीत गेले, आणि बिडाचा तवा भंगारवाल्याने वजनावर उचलला. त्यानंतर न चिकटणारे लेप दिलेले तवे आले. तो लेप ज्या द्रव्याचा, ते अमेरिकेत १९३८ साली सापडले. कोरडा तवा फार तापला तर, म्हणजे २६० अंशांच्या वर, तो लेप बिघडू लागतो, आणि ओरखडे पडले की काही वर्षांत तवा टाकून द्यावा लागतो. तरी लोकांनी तो घेतला. यात लोकांची मूर्खता नव्हती. बिडाचा तवा दोन-अडीच किलोंचा, म्हाताऱ्या मनगटाला जड. आणि त्याची निगा, मी आता अर्धा तास सांगितली ती सगळी, घरातील एकाच बाईच्या डोक्यात आणि हातात होती. ती कोणी लिहून ठेवली नाही, मुलांना शिकवली नाही, पुरुषांनी विचारली नाही. ती बाई नोकरीवर जाऊ लागली, आजारी पडली किंवा वारली, की तिच्याबरोबर तव्याचे आयुष्यही संपले. आठवड्याभरात तो गंजला आणि सगळे म्हणाले, तवाच वाईट.

आज त्याचे खापर दुसऱ्या एका बाईवर फुटते. घरोघरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या ढिगात आपण बिडाचा तवाही टाकतो. त्यांना एका सकाळीत चार-पाच घरे उरकायची असतात. त्यांच्या हाती तारेची घासणी आणि साबण आपणच दिलेला असतो. त्या तवा चकचकीत घासतात, कारण चकचकीत घासणे म्हणजे चांगले काम, हे आपणच त्यांना शिकवले. मग तवा पालथा, ओला राहतो, दुपारी तांबूस होतो, आणि आपण म्हणतो, "मावशींनी तवा घालवला." हे न्यायाचे नाही. बिडाचे भांडे मोरीत जाताच कामा नये. ते चुलीपाशी वापरले जाते, चुलीपाशीच साफ झाले पाहिजे, कारण त्याला लागणारी ऊब तेथेच असते.

आता आपला पहिला प्रश्न सुटतो. सिंहगडावरचा तवा का गंजत नाही? त्याला कोणी विशेष औषध लावत नाही. तो रोज तापतो, रोज पुसला जातो आणि त्याच ठिकाणी राहतो. वापर आणि निगा तेथे वेगळ्या पडलेल्या नाहीत. जो वापरतो तोच पुसतो. आपल्या घरात वापरणारे पाच आणि पुसणारी एक, म्हणून तवा गंजला. मोठ्या वस्तूंचेही असेच असते. कालवा असो, पूल असो, सार्वजनिक नळ असो; बांधताना समारंभ होतो, वापरताना सगळे येतात आणि निगा राखायची वेळ आली की ती कोणा एकाची होते. त्या एकाचे दुर्लक्ष झाले की पुढचे नुकसान सगळ्यांचे असते.

म्हणून मी एक साधा नियम सुचवतो, आणि तो पुरुषांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा. तव्यावरची शेवटची गरम भाकरी जो आपल्या पानात घेईल, त्याने तवा पुसावा. शेवटची भाकरी बहुधा कोणाच्या पानात जाते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. जेवण झाल्यावर हात धुवायला उठायचेच असते. तेव्हा तीन मिनिटे चुलीपाशी उभे राहायला कोणाचे काय जाते? मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की त्याला तेलाचे फडके हाती द्या आणि तापलेला तवा कोणत्या बाजूने धरावा ते शिकवा. सायकलच्या साखळीला तेल घालायला तो आनंदाने शिकतो, मग तवा पुसायला का शिकणार नाही? घरातील चार माणसांना ही विद्या आली, तर आजीबरोबर तवा मरणार नाही आणि मावशींना बोल लागणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर, पोत्यात किंवा परसातल्या अडगळीत एखादा तांबूस झालेला तवा पडलेला असेल. पावसाला अजून अवकाश आहे. या उन्हातच तो खाली काढा. मी सांगितले तसे घासा, तापवा, तेलाचे थर चढवा. मृगाचा पहिला पाऊस येईल तेव्हा त्यावर थालीपीठ लावा. आणि ते खाऊन झाल्यावर तवा कोण पुसणार, हे थालीपीठ लावण्याआधीच ठरवून टाका.